करंट की पेट्रोल? : जुन्या मोटारीच्या इंधनव्यवस्थेतील विद्युतदोषांच्या निदानाचा इतिहास – विशेष संदर्भ हिंगोली जिल्हा

प्रस्तावना

रस्त्यात बंद पडलेल्या मोटारीचे बॉनेट उघडल्यावर मेकॅनिक जो पहिला प्रश्न विचारीत असे, तो मुंबईपासून मराठवाड्यापर्यंत एकच होता : करंट येत नाही, की पेट्रोल येत नाही? प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या धातूजवळ धरावयाचे, चालकाला सेल्फ मारण्यास सांगावयाचे आणि निळी ठिणगी उडाली की करंट आहे असे समजून कार्बोरेटरकडे वळावयाचे, अशी ही रीत होती. ती कोणत्या पाठ्यपुस्तकातून आलेली नव्हती. उस्तादाकडून हाताखालच्या पोऱ्याकडे ती आली आणि दोन-तीन पिढ्या टिकली.

या प्रश्नामागे मोटारीच्या रचनेविषयीचे एक गृहीत होते. विजेचा मार्ग वेगळा आणि इंधनाचा मार्ग वेगळा. दोन्ही मार्ग सिलिंडरमध्येच काय ते एकत्र येतात, असे ते गृहीत होय. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय प्रवासी मोटारींत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने इंधन फवारण्याची व्यवस्था आली आणि हे गृहीत मोडले. पेट्रोल येणे वा न येणे हीच करंटची बाब होऊन बसली. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा आणि त्यामुळे निदानाच्या कसबात झालेल्या बदलाचा मागोवा घेतला आहे.

हिंगोली जिल्ह्याचा संदर्भ येथे विशेष अर्थाने घेतला आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाच तालुक्यांचा हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यानंतर एक वर्षाच्या आतच, १ एप्रिल २००० पासून, ‘इंडिया २०००’ ही प्रदूषणविषयक मानके देशभर लागू झाली आणि नव्या पेट्रोल मोटारींतून साधा कार्बोरेटर झपाट्याने मागे पडू लागला. जिल्हा आणि एमपीएफआय मोटार हे दोन्ही असे जवळपास बरोबरीने आले. आज जिल्ह्यातील एखाद्या जुन्या गाडीवर एम.एच. ३८ ऐवजी परभणीची एम.एच. २२ ही खूण दिसली, तर ती गाडी जिल्हाविभाजनाच्या आधीची, म्हणजे बहुधा कार्बोरेटरच्याच काळातील असण्याचा संभव असतो. हा नियम नव्हे, केवळ खूण होय.

विजेवर चालणारा आद्य पंप

इंधनव्यवस्थेत वीज प्रथम एमपीएफआयनेच आणली, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. आरंभीच्या मोटारींत टाकी उंचावर असे आणि पेट्रोल आपोआप खाली उतरे. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ची टाकी आसनाखाली होती, त्यामुळे तीव्र चढावर इंजिन टाकीहून वर जाई व पेट्रोल पोहोचत नसे. अशा वेळी चालक गाडी उलटी वळवून रिव्हर्स गिअरमध्ये चढ चढत. टाकी मागे आणि खाली नेल्यावर पेट्रोल वर चढविण्यासाठी पंप लागला. त्यावर दोन उत्तरे निघाली. एक इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा यांत्रिक पंप, आणि दुसरे विजेवर चालणारा पंप.

ब्रिटिश मोटारींत या दुसऱ्या प्रकारचा एस.यू. पंप प्रसिद्ध झाला. स्किनर बंधूंच्या या कंपनीची मालकी १९२६ साली डब्ल्यू. आर. मॉरिस यांच्याकडे आली आणि पुढे मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत हा पंप सर्रास बसविला गेला. त्याची रचना साधी होती. विद्युतचुंबक पडदा ओढतो, पेट्रोल आत येते. पडदा टोकाला गेला की पॉइंट उघडून प्रवाह तुटतो आणि स्प्रिंग पडद्याला परत ढकलते. चावी फिरविताच ‘टक्-टक्-टक्’ असा आवाज येई आणि कार्बोरेटरची वाटी भरली की तो थांबे.

हा आवाज म्हणजेच निदान होते. टकटक थांबतच नसेल आणि वेगाने चालू असेल, तर टाकी रिकामी आहे किंवा नळीच्या सांध्यातून हवा शिरते आहे. अगदी संथ असेल, तर नळी तुंबली आहे. आवाजच नसेल, तर पॉइंट जळाले आहेत किंवा वीज पोहोचत नाही. शेवटच्या प्रसंगी पान्याच्या दांड्याने पंपावर हलकी थाप दिली की चिकटलेले पॉइंट सुटत आणि गाडी चालू होई. थापेने चालू झालेली गाडी दुरुस्त झाली असे मात्र नव्हे. पुढच्या गावी ती पुन्हा बंद पडे, आणि दुसऱ्यांदा थाप पुरेशी होत नसे.

मराठवाड्यात सार्वजनिक मोटारवाहतूक निजामी राजवटीत आली. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी हा व्यवसाय सुरू केला होता. खासगी मोटार मात्र दीर्घकाळ मोजक्या घरांपुरतीच राहिली.

पद्मिनी, एसी पंप आणि ओले फडके

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राच्या गॅरेजांना घडविले ते फिएटने. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथील कारखान्यात १९५० च्या दशकात फिएट ११०० बांधण्यास प्रारंभ केला आणि १९७० च्या दशकात तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईत ती काळी-पिवळी टॅक्सी होती. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी ती डॉक्टरांच्या, वकिलांच्या, आडत्यांच्या दारी उभी असे. १०८९ घनसेंटिमीटरच्या तिच्या इंजिनावर यांत्रिक पंप होता. गॅरेजच्या भाषेत तो ‘एसी पंप’. पेट्रोलचा संपूर्ण मार्ग हाताने चाचपता येई. पंपाची बाहेरची नळी सोडून बाटलीत धरावी, सेल्फ मारावा आणि पिचकारी येते का ते पाहावे, एवढ्यावर अर्धे काम होई.

या गाडीच्या इंधनव्यवस्थेत वीज होती ती केवळ टाकीतील तरंगत्या फ्लोटपासून काट्यापर्यंत जाणाऱ्या वायरीत. तरीही विद्युतदोष आणि इंधनदोष यांची सर्वाधिक गल्लत याच काळात झालेली दिसते आणि तिचे कारण उन्हाळा हे आहे. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. इंजिनाला चिकटून असलेला एसी पंप तापला की त्यातील पेट्रोलची वाफ होई आणि पंप वाफच दाबीत राही. गाडी बंद. चालक पंपावर ओले फडके टाकी, पंधरा-वीस मिनिटे झाडाखाली बसे आणि गाडी पुन्हा चालू होई. उन्हाळ्यात कायम ओले फडके गुंडाळूनच प्रवासाला निघणारेही होते.

परंतु इग्निशन कॉइलच्या आतील दोषही नेमका असाच वागतो. तापल्यावर आतील तार सुटते किंवा तिचे आवरण दगा देते, ठिणगी क्षीण होते, गाडी बंद पडते; पंधरा-वीस मिनिटांत कॉइल निवते आणि गाडी चालू होते. फडके पंपावर टाकलेले असते, म्हणून श्रेय फडक्याला मिळते. वस्तुतः काम काळाने केलेले असते. त्यामुळे कॉइल सदोष असताना पंपाचा पडदा बदलला गेला, पंप बदलला गेला, नळीला वेगळी वाट काढून दिली गेली आणि गाडी पुन्हा तशीच बंद पडली, असे घडणे स्वाभाविक होते. यावर उपाय एकच होता, आणि जाणता मेकॅनिक तोच करी : गाडी बंद पडल्या क्षणी, ती निवण्यापूर्वी, ठिणगी तपासणे. दोष जागा असतानाच त्याला गाठले पाहिजे. थंड झालेल्या गाडीवर केलेली कोणतीही परीक्षा ही निरोगी माणसाची नाडी पाहण्यासारखी ठरते.

दोन मार्गांची सरमिसळ

कार्बोरेटर आणि एमपीएफआय यांच्यामध्ये एक संक्रमणकाळ आहे. इतिहासाच्या दृष्टीने तो दुर्लक्षित राहिला, पण निदानाच्या दृष्टीने सर्वांत फसवा तोच होता. या काळात पेट्रोल वा डिझेलच्या मार्गात एकेक सोलेनॉइड, म्हणजे विजेने उघडणारी झडप, येऊन बसली. मेकॅनिकच्या मनातील नकाशा मात्र जुनाच होता.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिच्याबरोबर जपानी घडणीचे कार्बोरेटर परिचयाचे झाले. अशा अनेक कार्बोरेटरांत चावी बंद करताच मंदगतीच्या वाटेचे पेट्रोल तोडणारा छोटा सोलेनॉइड असतो. त्याची वायर निघाली की गाडी ॲक्सिलरेटर दाबून चालते, पाय काढला की बंद पडते. लक्षण हुबेहूब जेटमध्ये कचरा अडकल्याचे. त्यामुळे कार्बोरेटर उघडून धुतला जाई, पुन्हा बसविला जाई आणि दोष कायम राही. चावी देताना कार्बोरेटरशी कान नेला असता एक बारीक ‘टक्’ ऐकू येते की नाही, एवढ्यावर प्रश्न सुटणारा होता.

डिझेल जीपचे असेच झाले. मराठवाड्याच्या ग्रामीण भागाची वाहतूक दीर्घकाळ ज्या प्रवासी जीपगाड्यांवर चालली, त्यांतील जुन्या गाड्या बंद करण्यासाठी डॅशबोर्डवरील दोरी ओढावी लागे. डिझेलला ठिणगी लागत नाही. एकदा धक्का मारून चालू केलेली अशी जीप बॅटरीविनाही धावत राही. पुढील काळात डिझेल पंपावर सोलेनॉइड आला आणि चावीने गाडी बंद होऊ लागली. सोय झाली, पण त्याच वायरीवर डिझेलचा पुरवठाही टांगला गेला. खड्ड्यांतून जाताना ही वायर सैल झाली की क्षणभर प्रवाह तुटे, आणि सारी लक्षणे डिझेलमध्ये हवा शिरल्याची दिसत. नळ्यांचे सांधे आवळूनही फरक पडत नसे. बॅटरीपासून सोलेनॉइडपर्यंत एक सुटी वायर जोडून पाहणे ही याची खरी परीक्षा. रस्त्यावरचा तोडगा मात्र वेगळा होता : सोलेनॉइड उघडून आतील दांडी काढून टाकावयाची. गाडी धावू लागे. फक्त चावीने बंद होत नसे, गिअरमध्ये ठेवून क्लच सोडावा लागे. हा तोडगा केवळ अडाणीपणाचा म्हणून उडवून लावता येत नाही. गाडीत प्रवासी बसलेले असताना आणि पुढचे गाव दूर असताना त्याला स्वतःचा असा तर्क होता. दोष वायरीत, आणि शिक्षा सोलेनॉइडला, एवढाच त्यातील अन्याय.

या सरमिसळीचे ठळक उदाहरण मुंबईच्या पद्मिनी टॅक्सींत सापडते. शतकाच्या वळणावर प्रदूषणाच्या प्रश्नावरून त्या सीएनजीवर आणल्या गेल्या, तेव्हा एसी पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये पेट्रोल अडविणारा सोलेनॉइड बसविला गेला. गॅसच्या वाटेवर दुसरा सोलेनॉइड, आणि दोहोंवर हुकूम चालविणारे डॅशबोर्डवरील एक बटण. मूळ रचनेत पेट्रोलसाठी विजेची मुळीच गरज नसलेली गाडी एका फ्यूजवर अवलंबून राहू लागली. फ्यूज उडाला की गॅसही नाही आणि पेट्रोलही नाही. पेट्रोलच्या सोलेनॉइडला हाताने उघडण्याचा एक स्क्रू असतो. तो ज्याला ठाऊक, तो चालक टॅक्सी घरी नेऊ शकत असे. वयोमर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी नाहीशी झाली.

पेट्रोलच करंट होते

इलेक्ट्रॉनिक इंधन फवारणीचा पहिला प्रयत्न अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस केला; तो त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक घटकांना पेलला नाही. १९६७ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने फोक्सवॅगनसाठी डी-जेट्रॉनिक ही प्रणाली यशस्वी केली. भारतात हे तंत्र सामान्य खरेदीदारापर्यंत येण्यास आणखी तीस वर्षे लागली. १९९८ साली आलेल्या ह्युंदाई सँट्रोत ते होते आणि मारुती ८०० मध्येही २००० च्या सुमारास ते आले.

या गाडीत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. चावी फिरविताच तो दोन-तीन सेकंद गुणगुणतो, नळीत सुमारे तीन बारचा दाब निर्माण करतो आणि इंजिन फिरत नसेल तर थांबतो. इंजिन फिरते आहे हे संगणकाला कळते ते क्रँकशाफ्टजवळील सेन्सरवरून. हा सेन्सर मुका झाला की ठिणगीही बंद आणि पंपही बंद. ‘करंट की पेट्रोल’ या प्रश्नाला ‘दोन्ही नाहीत’ असे उत्तर येते. जुन्या रीतीत या उत्तराला जागाच नव्हती. ठिणगी नाही म्हणून कॉइल बदलली गेली, पंप चालत नाही म्हणून पंपही बदलला गेला, तरी दोष एका तिसऱ्याच ठिकाणी शिल्लक राही.

टाकीतला पंप काढणे हे खर्चाचे आणि कष्टाचे काम असल्याने येथील चुकीचे निदान महाग पडते. त्यातील सर्वांत सामान्य चूक मल्टिमीटरने घडविली, हे काहीसे आश्चर्याचे वाटेल. पंपाचा प्लग काढून मीटर लावला तर तो १२ व्होल्ट दाखवितो. म्हणजे वीज येते आहे, म्हणजे पंप खराब, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु मीटर स्वतः जवळजवळ प्रवाह घेतच नाही. गंजलेल्या सांध्यातून किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरीच्या शेवटच्या एका तारेतूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवील. पंप मात्र सुमारे ५ अँपिअर मागतो. सांध्याचा रोध अवघा अर्धा ओहम असला, तरी ओहमच्या नियमाने तेथे अडीच व्होल्ट खर्ची पडतात आणि पंपाला साडेनऊच मिळतात. पंप फिरतो पण मंद. दाब कमी पडतो. गाडी सपाटीवर धावते आणि चढावर दम सोडते.

येथे जुने कसब नव्या गाडीला उपयोगी पडते. साधा टेस्ट लॅम्प इतका बारीक दोष दाखवीत नाही, कारण त्याचा छोटा बल्बही फारसा प्रवाह घेत नाही. हेडलाइटचा ५५ वॅटचा जुना बल्ब पंपाच्या जागी जोडला तर तो पंपाइतकाच प्रवाह ओढतो, आणि पिवळा पेटला की दोष वायरीत आहे हे शाळेत न गेलेल्या पोऱ्यालाही दिसते. मग बल्बचे एक टोक थेट बॉडीच्या स्वच्छ धातूला लावावयाचे : लख्ख पेटला तर अर्थ खराब, तरीही पिवळाच राहिला तर येणारी बाजू खराब. काळ्या मातीच्या प्रदेशात पावसाळ्यातील चिखल गाडीच्या पोटाशी बसतो आणि अर्थचे बोल्ट आतून गंजतात. त्यामुळे प्रथम अर्थ पाहणे हे शहाणपणाचे. हाच बल्ब इंजेक्टरच्या किंवा सेन्सरच्या वायरीला लावणे मात्र घातक ठरते. इंजेक्टर चालविणारे संगणकातील नाजूक घटक इतका प्रवाह सोसू शकत नाहीत. तेथे लहान एलईडी दिवाच लागतो. जुन्या कसबाची हद्द येथे संपते, आणि ती न ओळखल्याने जळालेला संगणक हा पंपाहूनही महाग सौदा होय.

झिजलेला पंप टाकीवर खालून मूठ मारली असता काही वेळा चालू होतो, हे येथे नोंदविण्यासारखे आहे. एस.यू. पंपावरील थापेची ही नातवंडेच म्हणावयाची. अर्थ तोच : दोष सापडला आहे, दुरुस्त झालेला नाही. या एका परीक्षेत मात्र पंपच दोषी ठरतो.

दोषाचे क्रमांक

अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना सोळा खुंट्यांची समान निदानजोडणी सक्तीची झाली. भारतात भारत स्टेज ४ मानकांखाली हे बंधन २०१० ते २०१३ या काळात टप्प्याटप्प्याने आले. त्यामुळे २००० ते २०१० या दशकातील गाड्या मधल्या मध्ये राहिल्या. त्यांत संगणक आहे, पण त्याची भाषा कंपनीगणिक निराळी. सुझुकीच्या आरंभीच्या प्रणालींत तर निदानाच्या प्लगमधील दोन टोके वायरीने जोडून डॅशबोर्डवरील दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे लागे. १२ हा आकडा आला की संगणकाच्या मते सर्व ठीक. आज ‘जुनी मोटार’ या शब्दाने प्रत्यक्षात याच गाड्या सूचित होतात. पंधरा वर्षांनंतरचे नोंदणी-नूतनीकरण करून, महाराष्ट्राचा पर्यावरण कर भरून त्या तालुक्याच्या रस्त्यांवर धावतात आणि मालकाच्या दृष्टीने त्यांची किंमत आता एका संगणकाच्या किंमतीपासून फार दूर राहिलेली नाही. चुकीच्या निदानाने अशा गाडीचे आयुष्यच संपते.

स्कॅनरने दिलेला क्रमांक म्हणजे निदान, ही समजूत या काळाची देणगी होय. पी ०२३० हा क्रमांक इंधनपंपाच्या प्राथमिक विद्युतमंडलात दोष असल्याचे सांगतो. पंप खराब आहे असे तो म्हणत नाही. मंडलात फ्यूज, रिले, वायर, सांधे, अर्थ आणि संगणक हे सारेच येतात. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कार्यशाळेत चुकून बदललेला सुटा भाग परत कपाटात जातो. हिंगोली वा सेनगावच्या गॅरेजात तो दुसऱ्या शहरातून मागविलेला असतो, त्याचे पैसे गाडीमालकाने आधीच दिलेले असतात, आणि विजेच्या सुट्या भागाची परतफेड दुकानदार सहसा करीत नाही. म्हणून क्रमांक वाचल्यानंतरची दहा मिनिटे येथे अधिक मोलाची ठरतात.

त्या दहा मिनिटांसाठी लागणारी माहिती पुष्कळदा गाडीवरच छापलेली असते. सामान्य रिलेच्या पायांशी ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे कोरलेले असतात. ते जर्मन मानकाचे असून निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांत आढळतात. ३० वर बॅटरीचा प्रवाह येतो, ८७ वरून तो पंपाकडे जातो, ८५ व ८६ ही रिलेच्या चुंबकाची टोके. टाकीजवळ नव्हे तर रिलेच्या पेटीतच, फ्यूज असलेल्या वायरीने, ३० आणि ८७ ही दोन घरे जोडावयाची. मागच्या आसनाखालून गुणगुण ऐकू आली तर पंप, त्याची वायर आणि अर्थ निदान चालू स्थितीत आहेत, आणि शोध रिलेच्या दुसऱ्या बाजूला, ८५ व ८६ कडे, वळवावयाचा. तेथे चावी देताच दोन-तीन सेकंद प्रवाह येत असेल तर रिले बदलावा, हॉर्नचा तशाच आकड्यांचा रिले काढून लावून पाहावा. येत नसेल तर संगणकाचा अर्थ पाहावा. गुणगुण आलीच नाही, तरच आसन उचलून हेडलाइटचा बल्ब हाती घ्यावयाचा.